दातांना तार लावताय? पहिल्या तपासणीपासून रिटेनरपर्यंतची वाट

माझ्या दातांना पहिल्यांदा तार लागली तेव्हा मी १९ वर्षांची होते. दीड वर्षाने ती निघाली, डॉक्टरांनी हातात एक गुलाबी प्लेट (दात नव्या जागी टिकवणारा रिटेनर) दिली आणि "रात्री घालत जा" एवढंच सांगितलं. सहाएक महिने घातली. मग परीक्षा आली, नोकरी लागली, प्लेट कपाटात राहिली. तिशीला पोहोचेपर्यंत खालचे पटाशीचे दात पुन्हा एकमेकांवर चढले होते. पुढे लेकीचा उपचार तिच्या ११व्या वर्षी सुरू झाला, आधी ट्विन ब्लॉक (खालचा जबडा पुढे आणणाऱ्या दोन प्लेटा) आणि नंतर तार. तो चालू असतानाच, ४१व्या वर्षी, मीही दुसऱ्यांदा तार लावून घेतली.

या तीन उपचारांतून जे कळलं ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. निदान आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण खुर्चीवर बसण्याआधी काय विचारायचं, घरी काय सांभाळायचं आणि लोक नेमके कुठे फसतात, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. सगळ्यांचं लक्ष तारेकडे असतं: मेटल की सिरॅमिक, दुखेल का, किती महिने. मी जे पाहिलं त्यात उपचार बिघडले ते तार बसायच्या आधीच्या पंधरवड्यात, नाहीतर ती निघाल्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत. म्हणून या लेखात त्या दोन टप्प्यांवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. दात हाडात घट्ट रुतलेला दिसला तरी त्याच्या मुळाभोवती तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेचा हलका दाब सतत राहिला की ज्या बाजूला दात सरकतो तिकडचं हाड झिजतं आणि मागे सुटलेल्या जागेत नवीन हाड तयार होतं. हे काम शरीर आपल्या गतीने करतं, महिन्याला साधारण १ मिलिमीटर. दाब वाढवला म्हणून ते वेगाने होत नाही, उलट मुळांना इजा होऊ शकते. "सहा महिन्यांत दात सरळ" अशी जाहिरात दिसली तर हे लक्षात ठेवा. किरकोळ वाकडेपणा तेवढ्या वेळात सुटतोही, पण पूर्ण उपचाराला बहुतेकांना १८ ते २४ महिने लागतात. उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) काढाव्या लागल्या तर त्याहून जास्त.

१. वय: कुठे घाई करायची, कुठे थांबायचं

ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ, सांगतात की मुलाला पहिल्यांदा साधारण ७व्या वर्षी दाखवावं. याचा अर्थ ७व्या वर्षी तार लावायची असा नाही. तेव्हा पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही दात आलेले असतात, त्यामुळे जबडे कसे वाढताहेत याचा अंदाज येतो. बहुतेक मुलांना "वर्षभराने या" एवढंच सांगून परत पाठवतात आणि तेच बरोबर असतं.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र थांबू नका:

- वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या आत, मागे बसतात
- चावताना खालचा जबडा एका बाजूला सरकतो
- कायमचे दात यायला लागले तरी अंगठा चोखणं सुटलेलं नाही
- मूल सतत तोंडाने श्वास घेतं, झोपेत घोरतं (इथे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ)
- वरचे दात इतके पुढे आहेत की ओठ मिटत नाहीत. खेळताना पडल्यावर हेच दात आधी तुटतात
- किडीमुळे दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली आहे

शेवटच्या मुद्द्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. "दुधाचाच दात आहे, पडणारच" असं म्हणून दाढ काढून टाकतात. पण तिची जागा मोकळी राहिली की मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला यायला वाव उरत नाही. जागा राखणारं एक छोटं उपकरण, स्पेस मेंटेनर, वेळेत बसवलं तर पुढचा मोठा उपचार टळू शकतो किंवा हलका होतो.

आता थांबायचं कुठे? ८ ते १० वर्षांच्या मुलांच्या वरच्या दोन मोठ्या दातांमध्ये फट असते, दात पंख्यासारखे बाहेर पसरलेले दिसतात. आई-बाबा घाबरतात, आजी रोज आठवण करते. पुष्कळदा हा वाढीचाच टप्पा असतो. वरचे सुळे खाली उतरले की ते बाजूच्या दातांना आत ढकलतात आणि फट आपोआप मिटते. माझ्या लेकीची अशीच मिटली. या वयात घाईने दात ओढून फट बंद करू नका. मात्र साधारण १०व्या वर्षी सुळ्यांच्या जागी, हिरडीच्या वरच्या भागात, बोटाला उंचवटा लागतो का हे डॉक्टरांना तपासायला सांगा. सुळा टाळूत अडकलेला असेल तर तो लवकर कळणं फार महत्त्वाचं असतं. उशीर झाला तर शस्त्रक्रिया करून त्याला साखळी लावून ओढून आणावं लागतं.

खालचा जबडा मागे असलेल्या मुलांसाठी वाढीचा झपाट्याचा काळ मोलाचा असतो. मुलींमध्ये तो साधारण १० ते १३, मुलांमध्ये १२ ते १५ या वयात येतो. तो निघून गेला की उपकरणाने जबड्याची वाढ वळवता येत नाही. मग उरतं दातांनी भरपाई करणं किंवा वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया.

मोठ्यांना वयाची अट नाही. अट आहे ती हिरड्यांच्या आणि हाडाच्या तब्येतीची. माझ्याआधी खुर्चीत एक ५८ वर्षांच्या काकू बसायच्या. त्यांना दाढेचं इम्प्लांट बसवायचं होतं आणि त्यासाठी कललेला शेजारचा दात सरळ करायचा होता.

२. डॉक्टर कोण, हे नीट बघा

बीडीएस म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यानंतर ऑर्थोडॉन्टिक्स विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेले ते ऑर्थोडॉन्टिस्ट. पाटीवर "ब्रेसेस केले जातील" लिहिलेलं असणं आणि ते करणारी व्यक्ती त्या विषयाची एमडीएस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटीवर एमडीएस दिसलं तरी कोणत्या विषयात हे विचारा, कारण एमडीएस हिरड्यांचं असतं, लहान मुलांच्या दातांचं असतं, इतरही असतं.

आपल्या शहरांत आणखी एक पद्धत आहे. क्लिनिक एका डॉक्टरांचं असतं आणि ऑर्थोडॉन्टिस्ट तिथे महिन्यातून एक-दोन दिवस येतात. यात वाईट काही नाही, माझी लेक अशाच क्लिनिकमध्ये जात होती. फक्त तीन गोष्टी विचारून घ्या: येणाऱ्या डॉक्टरांचं नाव, ते कोणत्या वारी येतात, आणि मधल्या दिवसांत ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) निघालं तर कोण बघणार.

खर्च ही अडचण असेल तर दंत महाविद्यालयांकडे जरूर वळा. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय, या सगळ्यांत ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. काम काळजीपूर्वक होतं, खर्च खूप कमी येतो. वेळ मात्र जास्त द्यावा लागतो: सकाळची रांग, केसपेपर, कधी नंबर लागायची प्रतीक्षा. शिवाय अभ्यासक्रम तीन वर्षांचा असल्याने तुमचे विद्यार्थी-डॉक्टर मध्येच पास होऊन गेले तर केस दुसऱ्यांकडे जाते. आपली केस कितव्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे आहे हे पहिल्याच दिवशी विचारलेलं बरं.

शहर बदलणार असाल तर ते आधी सांगा. बारावीनंतर मूल दुसऱ्या गावी जाणार असेल, किंवा शिक्षणासाठी परदेशी जायचं ठरलं असेल, तर तारखा मोजूनच सुरुवात करा. सुट्टीत भारतात येऊन तार लावून परत जाणारेही काही आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तिथला डॉक्टर अर्धी केस हातात घेईल याची खात्री करून घेतल्याशिवाय असं करू नका. दुसऱ्याने सुरू केलेली केस घ्यायला बरेच डॉक्टर नाखूश असतात, आणि घेतली तरी खर्च नव्याने मांडतात.

३. रेकॉर्ड घेतल्याशिवाय होकार देऊ नका

लेकीसाठी आम्ही पहिल्यांदा ज्या क्लिनिकमध्ये गेलो तिथे तोंडात पाच मिनिटं बघून सवलतीचा आकडा सांगितला गेला आणि "आज ॲडव्हान्स भरलात तर" असं सुरू झालं. एक्स-रेचं नावही निघालं नाही. आम्ही उठलो, आणि आजही मला तो निर्णय योग्य वाटतो.

प्लॅन करण्याआधी साधारणपणे या गोष्टी लागतात:

- ओपीजी: सगळे दात, मुळं आणि दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे
- लॅटरल सेफ: चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, दोष दातांत आहे की जबड्यात, हे यावरून मोजतात
- दातांचं माप: प्लास्टरचं मॉडेल किंवा तोंडातला डिजिटल स्कॅन
- चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो

दुसऱ्या एक्स-रेचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. "दात पुढे आले आहेत" हे आपल्याला बाहेरून दिसतं. पण वरचे दात पुढे आहेत, वरचा जबडा पुढे आहे की खालचा मागे आहे, या तिन्हींचा उपचार वेगळा असतो. माझ्या लेकीचा खालचा जबडा मागे होता. बाहेरून बघून वरचे दात आत ओढले असते तर सगळा चेहराच चपटा दिसला असता.

पहिल्या भेटीला सोबत न्यायची फाइल:

- आधीचे दातांचे एक्स-रे, असतील तेवढे सगळे
- चालू औषधांची यादी; मधुमेह, आकडी, हृदयाचा आजार, ॲलर्जी (विशेषतः निकेल आणि लॅटेक्सची) याची माहिती
- हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं घेत असाल तर ती आवर्जून सांगा, दात सरकण्यावर त्यांचा परिणाम होतो
- गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर एक्स-रेआधीच सांगा
- आई-वडिलांपैकी कोणाचा जबडा पुढे किंवा मागे असेल तर त्यांचा बाजूने काढलेला एखादा फोटो

एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रती स्वतःकडे ठेवा, फोनमध्ये आणि ईमेलवर. डॉक्टर बदलायची वेळ आली तर याच उपयोगी पडतात. माझ्या १९व्या वर्षीच्या उपचाराचं मॉडेल किंवा एक्स-रे काहीच शिल्लक नव्हतं, त्यामुळे ४१व्या वर्षी कोणते दात काढले होते हेसुद्धा मोजून ठरवावं लागलं.

४. प्लॅन समजून घ्या, लिहून घ्या

रेकॉर्ड झाल्यावर दुसरी भेट फक्त बोलण्यासाठी मागा. हे प्रश्न मी वहीत लिहून नेले होते: नेमका दोष काय आहे? दात काढावे लागतील का, कोणते आणि का? दुसरा मार्ग आहे का, आणि त्यात काय सोडून द्यावं लागेल? काहीच केलं नाही तर काय होईल? किती महिने, किती भेटी?

"दात काढायचे" हे ऐकलं की घरात गोंधळ होतो. जबड्यात जागा कमी आणि दात मोठे असतील, किंवा दात खूप पुढे असतील, तर त्यांना आत न्यायला जागा करावीच लागते. त्यासाठी बहुतेक वेळा सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढा काढतात. कमी जागा हवी असेल तर दातांच्या कडा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घासून, जबडा रुंद करून किंवा दाढा मागे सरकवूनही काम होतं. सगळ्यांचेच दात काढणारा आणि कोणाचेच न काढणारा, दोघांकडूनही कारण विचारून घ्या. आणि वरचा दात काढला की डोळे अधू होतात ही भीती घरात कोणी व्यक्त केली तर त्यांना समजावून सांगा: दाताच्या नसा वेगळ्या, दृष्टीच्या वेगळ्या. माझ्या सासूबाईंची समजूत मीही काढू शकले नव्हते. शेवटी डॉक्टरांनीच कवटीचं मॉडेल हातात घेऊन दाखवलं, तेव्हा त्या निर्धास्त झाल्या.

खर्चाचा एकच आकडा ऐकून होकार देऊ नका. त्यात काय धरलं आहे ते कागदावर मागा: एक्स-रे, दात काढणं, सफाई, निघालेलं ब्रॅकेट पुन्हा लावणं, हाडात बसवायचे छोटे स्क्रू लागले तर ते, आणि शेवटचे रिटेनर. रिटेनर बऱ्याचदा वेगळे धरलेले असतात. पैसे हप्त्याने भरायची सोय बहुतेक ठिकाणी असते. सगळी रक्कम सुरुवातीला भरू नका. साध्या आरोग्य विम्यात असा उपचार सहसा बसत नाही, तरी पॉलिसी एकदा वाचून घ्या.

५. उपकरण कोणतं

मुलांसाठी, वाढीच्या वयात:

ट्विन ब्लॉक. वर एक आणि खाली एक अशा दोन प्लेटा. त्यांचे उतार एकमेकांवर बसले की खालचा जबडा पुढे येऊनच तोंड मिटतं. स्कॉटलंडमध्ये विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली हे उपकरण तयार केलं. पहिला आठवडा बोलणं बोबडं होतं, लाळ गळते. माझी लेक शाळेत बोलायलाच तयार नव्हती. आम्ही रोज संध्याकाळी तिच्याकडून धडा मोठ्याने वाचून घेतला, आठव्या दिवशी जीभ सरावली. जवळजवळ वर्षभर ते दिवसरात्र घालावं लागतं. फक्त झोपताना घातलं तर उपयोग फार कमी.

एक्सपांडर. वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूला बसवतात आणि मधला स्क्रू पालकांनी किल्लीने ठरल्याप्रमाणे फिरवायचा. काही दिवसांनी पुढच्या दोन दातांत फट दिसते. घाबरू नका, टाळूचा मधला सांधा उघडल्याची ती खूण आहे. किल्लीला दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळा, म्हणजे ती घशात पडणार नाही.

अंगठ्याची सवय तोडणारं उपकरण आणि वरचा जबडा पुढे ओढणारा फेसमास्क ही आणखी दोन. दोन्ही मुलाला विश्वासात घेतल्याशिवाय चालत नाहीत.

कायमचे दात आल्यावर आणि मोठ्यांसाठी:

मेटल ब्रेसेस. सगळ्यात जुनी, स्वस्त आणि अवघड केसलाही पुरणारी पद्धत. मला निवडायला सांगितलं तर आजही हीच.

सिरॅमिक. ब्रॅकेट दाताच्या रंगाचं, पण मेटलपेक्षा थोडं मोठं आणि ठिसूळ. इथे आपल्या स्वयंपाकघराचा प्रश्न येतो. ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं आपल्या हळदीने दोन जेवणांत पिवळी पडतात आणि पुढच्या भेटीपर्यंत तशीच राहतात. मी शेवटी राखाडी रबरं मागून घेतली. लग्नकार्य असेल तर त्याच्या एक-दोन दिवस आधीची भेट ठरवा.

आतून लावायची तार. बाहेरून दिसत नाही, खर्च जास्त, जीभ सोलते, आणि करणारे अनुभवी डॉक्टर कमी.

अलाइनर. इन्व्हिझलाइन १९९९ मध्ये बाजारात आलं, आता भारतीय कंपन्याही आहेत. पारदर्शक साचे दिवसाचे २० ते २२ तास घालायचे, आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायचे, खाताना आणि चहा पिताना काढायचे. दिवसातून पाच वेळा चहा घेणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. दाताला दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, म्हणजे ते अगदीच अदृश्य नसतं. शिस्त असेल तर सौम्य ते मध्यम दोषांवर उत्तम काम करतं.

दातांचं माप घ्यायचा साचा घरी मागवून, डॉक्टरांना न भेटता मिळणारे अलाइनर घेऊ नका. हिरडीखाली हाड किती उरलं आहे हे घरच्या साच्यात दिसत नाही. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही याच पद्धतीची मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेले ग्राहक अडकून पडले.

६. तार बसायच्या आधी

किडलेले दात भरून घ्या, सफाई करून घ्या. मोठ्यांनी हिरड्यांची तपासणी खोलात करून घ्यावी. हिरड्यांतून रक्त येत असताना, पू असताना तार लावली तर हाड वेगाने झिजतं. मला हिरड्यांच्या उपचारासाठी तीन महिने थांबवलं होतं. तेव्हा राग आला होता, आता त्या डॉक्टरांचे आभार मानते. तंबाखू, मावा, सिगारेट असेल तर सुरुवातीआधीच सोडा. मोठ्या वयात दात सरळ झाल्यावर हिरडीजवळ दोन दातांमध्ये छोटा काळा त्रिकोण दिसू शकतो, हेही आधीच विचारून घ्या. माझ्या खालच्या दातांत असे दोन आहेत.

घरी आणून ठेवा: मऊ ब्रश, दातांमधल्या फटीत जाणारा छोटा ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट, डॉक्टर सांगतील तो माउथवॉश, ऑर्थोडॉन्टिक मेण, छोटा आरसा.

७. पहिले दहा दिवस

दाढांना रिंग बसवायची असेल तर आधी काही दिवस दाढांमध्ये छोटी रबरं अडकवतात. दाताच्या फटीत शेंगदाणा अडकल्यासारखं वाटतं आणि माझ्या मते सगळ्या उपचारात हाच भाग जास्त दुखरा. ब्रॅकेट चिकटवताना दुखत नाही. तोंड उघडून बसायचा कंटाळा येतो एवढंच. पहिली तार खूप बारीक आणि लवचीक असते.

दुखणं काही तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं आणि आठवड्याभरात ओसरतं. आम्हाला गरज पडली तर पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं होतं. वेदनाशामक मनाने घेऊ नका. गुरगुट्या भात, वरण, मऊ खिचडी, नाचणीचं आंबील, शिरा, इडली, कुस्करून दुधात भिजवलेली पोळी यावर आठवडा निघतो. गाल सोलला तर ब्रॅकेट पुसून कोरडं करायचं आणि वाटाण्याएवढं मेण दाबून बसवायचं. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरल्याने आराम पडतो. दात थोडे हलल्यासारखे वाटतात, ते अपेक्षितच आहे.

८. रोजचं

प्रत्येक खाण्यानंतर ब्रश. ब्रॅकेटच्या वर, ब्रॅकेटच्या खाली, मग तारेखालून छोटा ब्रश. हे जमलं नाही तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात. ते किडीची सुरुवात असतात आणि तार निघाल्यावरही दिसत राहू शकतात. लेकीच्या वर्गातल्या एका मुलाचे दात अगदी सरळ झाले, पण प्रत्येक दातावर पांढरी चौकट उमटली. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. मुलं लहान असतील तर रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः बघा, अगदी १३ वर्षांच्या मुलाचासुद्धा.

खाण्यात कडक आणि चिकट बंद: चिक्की, कडक चकली, फुटाणे, सुपारी, बर्फ, उसाचे करवे, कणसाला तोंड लावणं, च्युइंगम, गुळाच्या पाकातले लाडू. सफरचंद, पेरू, गाजर चिरून बारीक तुकडे करून खा. दिवाळीत चिवडा मऊ पोह्यांचा, शेंगदाणे-खोबऱ्याशिवाय. करंजी चालते, उकडीचे मोदक निर्धास्त. संक्रांतीचा तिळगूळ वडीऐवजी कुटून द्या. पेन चावणं आणि दाताने बाटलीचं झाकण उघडणंही यातच आलं.

९. रबरं

मध्यावर कधीतरी वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावायची छोटी रबरं मिळतात. दात एकमेकांवर नीट बसणं यांच्यावरच ठरतं. रोज बदलायची, जेवताना आणि ब्रश करताना काढायची, बाकी पूर्ण वेळ ठेवायची. दोन दिवस घालून एक दिवस सोडलं की दुखतं जास्त आणि सरकतं काहीच नाही. एक राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी दोन लावायची नाहीत. एक पाकीट दप्तरात, एक घरी, एक आजीकडे असं आम्ही ठेवलं होतं.

१०. मध्येच काही झालं तर

- ब्रॅकेट निघालं: तारेवर सरकत असेल तर तिथेच राहू द्या, मेण लावा, फोन करा. पुढच्या महिन्याच्या भेटीपर्यंत थांबलात तर तो दात तेवढे दिवस सरकणार नाही.
- मागची तार गालाला टोचते: मेण लावा, किंवा पेन्सिलच्या मागच्या रबराने हळूच दातालगत दाबा. घरी कापू नका, तुकडा घशात जाऊ शकतो.
- सुटा तुकडा गिळला आणि खोकला, धाप लागली किंवा गिळताना दुखतंय: थेट रुग्णालय.
- एमआरआय सांगितला असेल तर तोंडात तार आहे हे आधी कळवा. डोक्याचा असेल तर चित्र बिघडू शकतं.
- कबड्डी, कराटे, क्रिकेट खेळणाऱ्यांनी तारेवर बसणारा माउथगार्ड विचारून घ्यावा.

भेटी चार ते सहा आठवड्यांनी असतात. परीक्षेमुळे दोन भेटी चुकल्या की ब्रॅकेटवरची रबरं आणि पॉवर चेन (दात एकमेकांकडे ओढणारी रबराची साखळी) तशीच ढिली पडून राहतात आणि शेवटची तारीख पुढे जाते.

११. तार निघाली, आता रिटेनर

ब्रॅकेट पक्कडीने सुटतात, चिकटवलेलं घासून काढतात, अर्ध्या-पाऊण तासात जीभ गुळगुळीत दातांवरून फिरते. त्या दिवशी फोटो काढा, आईस्क्रीम खा. आणि रिटेनर हातात आल्याशिवाय गावाला जाऊ नका.

दात नवीन जागी आले तरी भोवतालचं हाड पक्कं व्हायला महिने लागतात. हिरडीतले ताणलेले तंतू तर वर्षभरही दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात. वळलेले दात सगळ्यात जास्त फिरतात. शिवाय तार कधीच न लावलेल्या माणसांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटीवाटीने बसू लागतात. दोष अक्कलदाढेवर ढकलायची पद्धत आहे, पण संशोधनातून त्याला आधार मिळालेला नाही आणि केवळ त्यासाठी अक्कलदाढ काढायची गरज नसते. मला हे कोणी १९व्या वर्षी सांगितलं असतं तर ती गुलाबी प्लेट मी कपाटात ठेवली नसती.

रिटेनर तीन तऱ्हेचे: तारेची प्लेट, पारदर्शक साचा, आणि दातांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक तार. मला खाली चिकटवलेली आणि वर साचा असं दोन्ही दिलं आहे. सुरुवातीचे सहा महिने खाणं सोडून पूर्ण वेळ, नंतर रोज रात्री. ही रात्रीची सवय किती वर्षं, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, दात सरळ हवेत तितकी वर्षं.

साचा गरम पाण्यात धुऊ नका, वाकडा होतो. गार पाणी आणि मऊ ब्रश पुरे. हॉटेलात कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका, वेटर उचलून नेतो. माझ्या लेकीचा पहिला साचा असाच गेला. भडक रंगाची डबी घ्या आणि साचा तोंडात नसेल तेव्हा डबीतच. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर. आतली तार दर सहा महिन्यांनी तपासून घ्या, कारण एका दातावरून ती सुटली तरी आपल्याला कळत नाही आणि तो एकच दात गुपचूप फिरतो. शेवटच्या दिवशीच्या स्कॅनची फाइल मागून ठेवा, नवीन साचा त्यावरून बनवता येतो.

साचा एखाद्या दिवशी घट्ट वाटला तर दात सरकायला लागला आहे. त्या रात्रीपासून पुन्हा पूर्ण वेळ घाला आणि डॉक्टरांना कळवा. बसतच नसेल तर जोर लावू नका, त्याच आठवड्यात जाऊन नवीन माप द्या.